मुदत तापाची आणि मुदत औषधाची

सर अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव शाळेत गेलेल्या कुठल्याही मराठी माणसाला नवे नाही. विज्ञानाच्या पुस्तकातली ती गोष्ट आपण सर्वांनी वाचलेली असते. प्रयोगशाळेतली एक काचेची बशी, तिच्यावर आपोआप उगवलेली बुरशी, बुरशीभोवती विरघळून गेलेले जंतू आणि त्यातून जगाला मिळालेले पेनिसिलिन! धडा संपतो, खाली प्रश्न येतात, मुले उत्तरे पाठ करतात. ताडकळसच्या शाळेत मी पुष्कळ वर्षे विज्ञान शिकवले. ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल, याचा हिशेब नाही. परंतु दर वर्षी मला असे वाटत आले, की ही गोष्ट आपण अर्ध्यावरच सोडून देतो. फ्लेमिंग यांच्या आयुष्यातला उरलेला भाग मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांच्या अधिक उपयोगाचा आहे. आज तो सांगायचा आहे. आणि तो सांगताना आपल्या घरोघरी ओळखीच्या असलेल्या एका दुखण्याचा आधार घ्यायचा आहे. ते दुखणे म्हणजे टायफॉइड.

एकवीस दिवसांचा मुक्काम

ताडकळस हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले गाव. आमच्या भागात जुनी माणसे टायफॉइड हा शब्द वापरत नसत. ती मुदतीचा ताप म्हणत. पुस्तकात त्याला विषमज्वर म्हणतात. पण मुदतीचा ताप या नावात पिढ्यांचा जो अनुभव साठला आहे, तो विषमज्वर या शब्दात नाही. हा ताप एकदा अंगात शिरला की आपली मुदत भरल्याशिवाय जायचा नाही, हे लोकांना पक्के ठाऊक होते. मुदत साधारण तीन आठवड्यांची. कधी त्याहूनही अधिक.

माझे वडील लहानपणी या तापाने अंथरुणाला खिळले होते. मराठवाड्यात तेव्हा निजामाचे राज्य होते. डॉक्टर परभणीला, आणि डॉक्टर आला तरी त्याच्या पेटीत या तापावर औषध नव्हते. आजी सांगायची, की एकवीस दिवस घरात मोठ्याने कोणी बोलले नाही. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, तांदळाची पेज, मोसंबीचा रस आणि दिवस मोजणे, एवढाच काय तो उपचार. ताप उतरला तेव्हा वडिलांच्या डोक्यावरचे केस गळून गेले होते आणि त्यांना धरून धरून पुन्हा चालवावे लागले होते. वडील वाचले; सगळेच वाचत नसत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्यांना जखमा होत, रक्त जाई, कधी आतड्याला भोक पडे. औषध नव्हते त्या काळात दहा रोग्यांमागे एक-दोन रोगी दगावत.

मोठ्या माणसांच्या घरीही दुसरा इलाज नव्हता. १९०२ साली महात्मा गांधींनी मुंबईत वकिली सुरू करण्यासाठी गिरगावात बिऱ्हाड केले. तिथे त्यांच्या दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला, जोडीला न्यूमोनिया. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप द्यायला सांगितले. गांधींनी ते नाकारले आणि मुलावर पाण्याचे उपचार केले. ओल्या चादरीत गुंडाळले, संत्र्याचा रस पाणी घालून दिला. त्या रात्री चौपाटीवर फेऱ्या घालताना त्यांच्या मनाची काय अवस्था झाली, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. मुलगा बरा झाला, पण ताप सुमारे चाळीस दिवस चालला. अंडी दिली असती किंवा नसती, त्या काळी मुदत ठरवणारा तापच होता.

गिरगावात ही झुंज चालू होती त्या वर्षी लंडनमध्ये विशीतला एक अबोल तरुण वैद्यकीचे पहिले पाठ गिरवत होता. तोच अलेक्झांडर फ्लेमिंग.

शेतकऱ्याचा मुलगा

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधल्या डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफिल्ड नावाच्या शेतवाडीवर झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८० मध्ये, कार्ल एबर्थ या जर्मन शास्त्रज्ञाने विषमज्वराचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. वडील ह्यू फ्लेमिंग यांचे हे दुसरे लग्न, आणि ते झाले तेव्हा त्यांचे वय साठीला टेकले होते. अ‍ॅलेक सात वर्षांचा असताना वडील वारले. आई ग्रेस आणि मोठा सावत्र भाऊ यांनी शेती आणि मेंढ्या सांभाळल्या. मुले रोज काही मैल पायपीट करून शाळेत जात. माळावर ससे, पक्षी, त्यांची घरटी शोधत हिंडायचे, हा त्यांचा खेळ. बारीकसारीक गोष्ट नजरेतून सुटू द्यायची नाही, ही सवय त्या माळावरची. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरातले पोर जसे वाढते, तसेच हे पोर वाढले.

तेराव्या-चौदाव्या वर्षी अ‍ॅलेक लंडनला डॉक्टर असलेल्या मोठ्या भावाकडे गेला. थोडे शिक्षण झाले आणि जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी सुरू झाली. चार वर्षे तो हिशेब लिहीत होता. पुढे एक काका वारले आणि त्यांच्या इस्टेटीतला थोडा पैसा वाट्याला आला. भावाने सुचवले, की वैद्यकी शिक. लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळाशी संलग्न महाविद्यालय त्याने निवडले. कारण काय, तर त्या कॉलेजच्या संघाविरुद्ध तो एकदा पाण्यातला पोलो खेळला होता! १९०६ मध्ये पदवी मिळाली. तो नेमबाजीत पटाईत होता. संघातला चांगला नेमबाज हातचा जाऊ नये म्हणून मित्रांनी त्याला तिथल्याच लस विभागात चिकटवून दिले. जन्माची नोकरी अशी ठरली.

त्या विभागाचे प्रमुख होते सर आल्मरॉथ राइट. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा माणूस महत्त्वाचा. १८९६ च्या सुमारास राइट यांनी विषमज्वराची लस तयार केली होती. मुंबईत प्लेगची लस करणारे हाफकिन आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याच कामातून आपल्याला वाट सापडली, हे राइट यांनी मान्य केले होते. प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून राइट १८९८ मध्ये हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांनी इथल्या पलटणींतल्या काही हजार सैनिकांना ती लस टोचली. म्हणजे फ्लेमिंग ज्या खोलीत येऊन बसले, त्या खोलीत विषमज्वराची चर्चा रोजचीच होती. राइट यांचा ठाम विश्वास असा, की जंतूंशी लढायचे ते शरीराने. बाहेरचे रसायन रक्तात जाऊन जंतू मारील, ही आशा व्यर्थ. शिष्य पुढे नेमके उलट सिद्ध करणार होता.

बशीवर काय दिसले आणि काय दिसले नाही

पहिल्या महायुद्धात राइट आणि फ्लेमिंग फ्रान्समध्ये बुलोन येथे जखमी सैनिकांच्या इस्पितळात होते. जखमांत जंतुनाशक औषधे ओतली जात आणि तरी सैनिक सडून मरत. फ्लेमिंग यांनी काचेच्या नळीला भट्टीत तापवून वेडेवाकडे काटे काढले, खोल जखमेची प्रतिकृती केली आणि दाखवून दिले, की औषध कोपऱ्याकोपऱ्यांत पोचतच नाही. शिवाय ते जंतूंच्या आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मारते. औषध नुसते कडक असून भागत नाही. ते जंतू लपला आहे तिथे पोचले पाहिजे आणि पुरेसा वेळ टिकले पाहिजे. हा धडा त्यांनी युद्धात घेतला. पुढे आपण टायफॉइडकडे येऊ तेव्हा तो उपयोगी पडेल.

१९२१ मध्ये सर्दी झालेली असताना त्यांनी स्वतःच्या नाकातला स्राव बशीवर टाकून पाहिला आणि काही जंतू विरघळताना दिसले. त्यातून लायसोझाइम हे द्रव्य सापडले. अश्रूंतही ते असते, म्हणून प्रयोगशाळेतल्या माणसांच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा होऊ लागले. मग आला सप्टेंबर १९२८. सुटीवरून परतलेल्या फ्लेमिंग यांनी टेबलावर पडून राहिलेल्या बशा चाळल्या आणि एकीवर ती प्रसिद्ध बुरशी दिसली. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून इथे थांबत नाही. १९२९ मध्ये त्यांनी निबंध प्रसिद्ध केला आणि त्या रसाला पेनिसिलिन हे नाव दिले.

त्या निबंधातली एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. कोणत्या जंतूंवर पेनिसिलिन चालते आणि कोणत्यांवर नाही, याची यादी त्यांनी दिली होती. न चालणाऱ्यांच्या रकान्यात विषमज्वराचा जंतू होता. पू करणारे जंतू विरघळत होते, घटसर्पाचा जंतू विरघळत होता, टायफॉइडचा मात्र आरामात वाढत होता. म्हणजे जगातल्या पहिल्या प्रतिजैविकाची ओळख करून देतानाच फ्लेमिंग यांनी सांगून ठेवले, की प्रत्येक जंतूचे औषध वेगळे आहे. गावच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून कुठल्याही तापाला एकच गोळी मागणाऱ्यांनी हे शंभर वर्षांपूर्वीचे पान एकदा पाहायला हवे.

ऑक्सफर्डचा शिपाई

पेनिसिलिन शुद्ध करणे फ्लेमिंग यांना जमले नाही. ते काम दहा वर्षे पडून राहिले. १९३९ नंतर ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते पुरे केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी ज्या पहिल्या रोग्याचा इलाज करून पाहिला, तो एक पोलीस शिपाई होता. चेहऱ्यावरच्या जखमेतून विष शरीरभर पसरले होते. एक डोळाही गेला होता. इंजेक्शने सुरू झाली आणि एका दिवसात फरक दिसला. ताप उतरला, भूक लागली. सगळ्यांना वाटले, जिंकलो! पण औषध चमचाभरच होते. रोग्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गाळून त्यालाच टोचले, तरी पाच दिवसांत साठा संपला. शरीरात जंतू उरले होते. दुखणे उलटले आणि १५ मार्च १९४१ रोजी तो शिपाई मरण पावला.

मला हा प्रसंग बशीच्या प्रसंगापेक्षा मोठा वाटतो. ताप उतरणे आणि जंतू संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाला पहिल्यांदा त्या खाटेवर दिसले. तिथे औषध संपले म्हणून थांबले. आज आपल्या घरात औषध ताकात शिल्लक असते आणि आपणच ते थांबवतो.

पुढे अमेरिकेत पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. १९४४ मध्ये फ्लेमिंग यांना सर ही पदवी मिळाली, १९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्यासह नोबेल पारितोषिक. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले, अनेक दंतकथाही जोडल्या. फ्लेमिंगच्या शेतकरी बापाने चिखलात रुतलेल्या लहानग्या चर्चिलला वाचवले आणि म्हणून चर्चिलच्या वडिलांनी फ्लेमिंगला शिकवले, ही गोष्ट आपल्याकडेही भाषणांत हमखास ऐकू येते. ती खोटी आहे. फ्लेमिंग यांनी स्वतः ती नाकारली होती. स्वभावाने ते मितभाषी, संकोची. पेनिसिलिन निसर्गाने केले, आपल्याला ते फक्त दिसले, असे ते म्हणत. त्यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही.

सत्काराच्या व्यासपीठावरचा इशारा

नोबेल स्वीकारल्यावर विजेत्याने व्याख्यान द्यायचे असते. ११ डिसेंबर १९४५ रोजी फ्लेमिंग स्टॉकहोममध्ये बोलायला उभे राहिले. युद्ध संपले होते, पेनिसिलिनला लोक चमत्कार म्हणत होते. अशा वेळी कोणीही आपल्या यशाचे गोडवे गायले असते. फ्लेमिंग यांनी व्याख्यानाच्या शेवटी धोक्याची घंटा वाजवली. प्रयोगशाळेत जंतूंना मरणार नाहीत इतके थोडे पेनिसिलिन देत गेले, तर ते त्याला सरावतात आणि मग दाद देत नाहीत. शरीरातही असेच घडू शकते, असे त्यांनी सांगितले. उद्या हे औषध कोणालाही दुकानात विकत मिळेल, आणि अजाण माणूस ते अपुरे घेऊन आपल्या जंतूंना निर्ढावून ठेवील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. समजावे म्हणून एक काल्पनिक गोष्टही सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच थोडे पेनिसिलिन आणून घेतो, जंतू मारायला अपुरे पण त्यांना शहाणे करायला पुरेसे. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती मरते. या मरणाला जबाबदार कोण, असा प्रश्न त्यांनी श्रोत्यांपुढे ठेवला.

गोष्टीतला तपशील पुढे तंतोतंत खरा ठरला नाही. घसा धरणारा तो विशिष्ट जंतू आजही पेनिसिलिनला शरण जातो. पण गळवे करणारे जंतू दोन-चार वर्षांतच लंडनच्या इस्पितळांत पेनिसिलिनला जुमानेनासे झाले. आणि दुकानात मिळेल ते अपुरे औषध घेणारा तो गृहस्थ? तो तर आपल्या गल्लीत राहतो.

मुदतीच्या तापाला औषध मिळाले

टायफॉइडचे औषध १९४८ मध्ये सापडले, तेही योगायोगानेच. व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून क्लोरॅम्फेनिकॉल मिळाले होते. अमेरिकन डॉक्टरांचे पथक ते मलायात, क्वालालंपूरला, वेगळ्याच एका तापावर वापरून पाहत होते. त्या रोग्यांत काही टायफॉइडचे निघाले आणि ते चार-पाच दिवसांत बिनतापाचे झाले. पिढ्यान्‌पिढ्यांची एकवीस दिवसांची मुदत मोडली! आपल्याकडे क्लोरोमायसेटिन या नावाने ती कॅप्सूल घरोघरी माहीत झाली. दहा-वीस टक्के मृत्यू होते तिथे ते शेकड्यास एकाच्या आसपास आले.

पण पहिल्याच रोग्यांत एक गोष्ट दिसली. औषध लवकर थांबवले त्यांच्यापैकी काहींचा ताप पुन्हा उलटला. म्हणून ताप उतरल्यावरही औषध चालू ठेवून एकूण दोन आठवडे द्यायचे, असा नियम झाला. ताप मुदतीचा राहिला नाही. आता औषध मुदतीचे झाले.

ही मुदत का लागते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. टायफॉइडचा जंतू दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडतो आणि आपल्याच रक्षक पेशींच्या पोटात जाऊन बसतो. यकृत, प्लीहा, हाडांतला मगज ही त्याची बिळे. रक्तातले जंतू औषधाने लवकर मरतात, म्हणून ताप उतरतो. बिळातले मात्र उरतात. औषध बंद झाले की दोन-तीन आठवड्यांनी ते बाहेर येतात आणि ताप उलटतो. फ्लेमिंग यांच्या काटेरी नळीची इथे आठवण होते.

म्हणूनच प्रत्येक औषधाची मुदत वेगळी. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींच्या आत साठून राहते, तिथे रेंगाळते. मुलांना ते साधारण सात दिवस पुरते. सेफ्ट्रायाक्झोनची इंजेक्शने जंतूंना जोरात मारतात, पण पेशींच्या आत तितकीशी पोचत नाहीत. म्हणून ती साधारण दहा ते चौदा दिवस द्यावी लागतात. इजिप्तमध्ये कैरोला मुलांवर या दोन औषधांची तुलना झाली. पाच-सात दिवसांच्या इंजेक्शनांनी ताप उतरला, पण नंतर काही मुलांचा तो उलटला. अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलेल्या मुलांत तसे झाले नाही. शेजारच्या मुलाला सात दिवसांत बरे वाटले, मग माझ्या मुलाला चौदा दिवस कशाला, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

जंतूही शिकला

फ्लेमिंग यांचा इशारा टायफॉइडच्या जंतूने पुरेपूर खरा केला. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्या केरळात, कालिकतला, क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या टायफॉइडच्या साथी आल्या. १९९० च्या आगेमागे देशभर असे जंतू पसरले, की ज्यांच्यापुढे जुनी तिन्ही औषधे थकली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. त्याचा इतका सैल वापर झाला, की काही वर्षांत तेही निकामी होत गेले. आता भरवसा मुख्यतः सेफ्ट्रायाक्झोनच्या जातीच्या औषधांवर आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनवर. २०१६ पासून हैदराबादेत, आपल्या शेजारच्या नव्हे तर पाकिस्तानातल्या सिंधमधल्या हैदराबादेत, असा टायफॉइड पसरला की ज्याच्यावर ती इंजेक्शनेही चालत नाहीत. तोंडाने घ्यायचे एकच औषध उरले. मुलांचा विषय असल्यामुळे हे गंभीर आहे. कारण या तापाने सर्वाधिक पडतात ती शाळेच्या वयाचीच मुले.

एका मुलाने दोन गोळ्या चुकवल्या म्हणून साऱ्या देशातला जंतू निर्ढावला, असे सरळ गणित अर्थातच नाही. गरज नसताना घेतलेले प्रत्येक प्रतिजैविक जंतूंना शिकवते, आणि शिकलेले जंतू घाण पाण्यातून गावभर फिरतात. म्हणून जास्त दिवस औषध म्हणजे जास्त चांगले, असाही अर्थ घेऊ नये. मुलांचा साधा न्यूमोनिया, लघवीचे काही विकार यांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे औषध पुरते, असे अलीकडच्या प्रयोगांनी दाखवले आहे. फ्लेमिंग यांचा मुद्दा दिवस वाढवण्याचा नव्हताच. औषध घ्यायचे तर जंतू मरेल इतके घ्या, आणि नको तिथे घेऊच नका, एवढा तो होता. टायफॉइडमध्ये जंतू बिळात बसतो, म्हणून तिथे दिवस मोजावे लागतात.

आईने दोनदा धीर धरायचा

आमच्या गावात टायफॉइडचे मूल असलेल्या घरी दोन चुका होताना मी वर्षानुवर्षे पाहत आलो. पहिली तिसऱ्या दिवशी. औषध सुरू आहे आणि ताप हटत नाही म्हणून घरचे घाबरतात, डॉक्टर बदलतात, दुसरा तिसरेच औषध देतो. खरे म्हणजे योग्य औषध मिळाले तरी टायफॉइडचा ताप उतरायला साधारण चार ते सात दिवस लागतात. दुसरी चूक ताप उतरल्यावर. पोर खेळायला लागते, कडू औषधाला नाक मुरडते, इंजेक्शनला रडते. बापाची मजुरी बुडते, पैसेही संपत आलेले असतात. मग उरलेली बाटली फळीवर जाते, पुढच्या तापासाठी! या दोन्ही वेळी आईला धीर द्यायला घरातले कोणी तरी पुढे यायला हवे. एकदा ताप असताना धीर धरायचा आणि एकदा ताप नसताना. दुसरा धीर अधिक कठीण.

पोटात जोरात दुखू लागले, शौचातून रक्त गेले, मूल बरळू लागले किंवा सुस्त पडले, तर मात्र क्षणाचाही धीर धरू नये. तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. आणि आरंभी, पहिली गोळी पोटात जाण्याआधी, रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी होऊ शकते का, हे डॉक्टरांना विचारावे. गावोगाव होणारी विडाल चाचणी १८९६ सालची आहे. टायफॉइड जिथे नेहमीचाच आहे, तिथे तिच्या एका अहवालावर विसंबता येत नाही. रक्तातला जंतू हाती लागला, तर तो कोणत्या औषधाने मरतो तेही कळते. प्रतिजैविकांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ती दिसली, की चिठ्ठीशिवाय ती गोळी घ्यायची नाही, एवढे तर निरक्षर माणसालाही पाळता येते.

अर्थात, सर्वांत चांगला टायफॉइड तो, जो होतच नाही. राइट यांच्या लशीची आजची सुधारलेली नात हैदराबादेत, आपल्या दक्षिणेतल्या हैदराबादेत, तयार झाली. २०१३ मध्ये तिला देशात परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना ती देण्याची मोहीम काढली. पण लस आली म्हणून पाण्याची टाकी धुवायचे काम संपत नाही.

अखेरची वर्षे

नोबेलनंतर फ्लेमिंग जगभर फिरले. १९४९ मध्ये पत्नी सारा गेल्या. १९५३ मध्ये त्यांनी अमालिया या ग्रीक जंतुशास्त्रज्ञ बाईंशी विवाह केला. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, पेनिसिलिन आपल्या देशात व्हावे म्हणून. त्यानंतर वर्षभराने, ११ मार्च १९५५ रोजी, लंडनमध्ये हृदयविकाराने फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्यांची रक्षा सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये आहे.

बशीवर बुरशी पडली, हा योगायोग होता. तो योगायोग ओळखणारी नजर माळावर घडली होती. परंतु टाळ्यांच्या कडकडाटात उभे राहून स्वतःच्याच शोधाचा धोका सांगणे, यात योगायोग काहीच नव्हता; ती एका शहाण्या माणसाची समज होती. आपल्या आज्यांच्या हाती औषध नव्हते, पण मुदत पाळण्याचे शहाणपण होते. दिवस मोजत, पेज भरवत त्या बसून राहिल्या. आपल्या हाती औषध आहे. त्या शहाणपणातले थोडे आपल्याला घेता आले, तर चौदाव्या दिवसाची गोळीही पोराच्या पोटात वेळेवर जाईल.